दुसरे मत

(वरठी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूरहून गोंदियाकडे जाणारी गाडी वरठीच्या फलाटावर थांबते तेव्हा समोरच्या पाटीवर नाव असते ते भंडारा रोडचे. भंडारा शहर येथून काही मैल दूर आहे. जमीन वरठीची आणि नाव भंडाऱ्याचे, याची येथील माणसाला इतकी सवय झाली आहे की त्यात काही विसंगत आहे असे त्याला वाटत नाही. राज्याच्या नावाचीही तीच कथा. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, पुढे साडेतीन वर्षे द्विभाषिक मुंबई राज्यात राहिला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. वरठीचा म्हातारा शेतकरी धुऱ्यावरून जागचा न हलता तीन राज्यांचा रहिवासी झाला. या साऱ्या उलाढालीत त्याचे भारतीयत्व कोणी तपासून पाहिले नाही आणि ते सिद्ध करण्याची गरज त्यालाही भासली नाही.

अलीकडे मात्र दुसऱ्याचे भारतीयत्व तपासण्याची हौस पुष्कळांना जडली आहे. संपावर गेलेला कामगार, प्रश्न विचारणारा विद्यार्थी, मोर्चा काढणारा आदिवासी, आणि मुसलमान असेल तर काहीही न करणारा साधा दुकानदारसुद्धा, या सर्वांकडे देशभक्तीचा दाखला मागितला जातो. दाखला मागणाऱ्याला तो मागण्याचा अधिकार कोणी दिला, हे मात्र कोणी विचारत नाही. देशप्रेम आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या करण्याचा हा उद्योग आहे. त्याला उत्तर देण्यासाठी दूरच्या तत्त्वज्ञानाकडे धाव घेण्याचे कारण नाही. या जिल्ह्याच्या इतिहासातच एक असा प्रसंग आहे की ज्यात देशभक्ती म्हणजे काय, ती कोणी पाळली आणि कोणी पाळली नाही, याचा हिशेब मतमोजणीच्या आकड्यांतच मांडलेला आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. या निवडणुकीविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल लागला, तो या जिल्ह्यातील प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूरचेच. सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी ज्या विडी कंपनीत भागीदार होते, तिचा लष्करी कँटीनला विड्या पुरविण्याचा सरकारी करार होता. ज्याचा सरकारशी असा करार आहे त्याला संसदेत बसता येत नाही, हे कायद्याचे साधे तत्त्व न्यायालयाने लागू केले. सैनिकाला विड्या पुरविणे हे देशकार्य असल्याचा बचाव तेव्हा कोणाला सुचला असेल तर तो उपयोगी पडला नाही. (आज सुचला असता, आणि कदाचित चालूनही गेला असता.)

त्याच खटल्यात आणखी एक प्रश्न होता आणि तो अधिक खोल होता. गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता. कारण काय, तर त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता, म्हणून ते महार राहिले नाहीत. माणसाने पंथ बदलला म्हणजे त्याच्या कपाळी मारलेली जात पुसली जाते काय? जी जात समाजाने त्याला एक दिवसही विसरू दिली नाही, ती हक्क मागण्याच्या दिवशी मात्र सरकारी कागदावर नाहीशी व्हावी, हा न्याय न्यायमूर्ती बोस यांना पटला नाही. तो माणूस स्वतःला काय समजतो, त्याचा जुना समाज त्याला कसा वागवितो आणि नव्या पंथाचे नियम काय आहेत, या गोष्टी पाहाव्या लागतील असे त्यांनी सांगितले, आणि ठवरे महारच आहेत व त्यांचा अर्ज चुकीने नाकारला गेला असा निर्णय दिला. दोन वर्षांनी नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि या वेळी उत्तर उलटे मिळाले. नवबौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. श्रद्धेचे स्वातंत्र्य कागदावर होते, पण त्याची किंमत एका पिढीने नोकऱ्यांत आणि शिक्षणात मोजली.

संपूर्ण निवडणूक रद्द झाल्यामुळे मे १९५४ मध्ये भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. ही जोडी नवी नव्हती. १९५२ साली मुंबईत दोघे असेच एकत्र लढले होते आणि दोघेही पडले होते. तेथे बाबासाहेबांचा पराभव चौदा हजारांवर मतांनी झाला आणि हजारो मते कुजली होती. मते कुजविण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन दोघांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली.

आजच्या तरुण कार्यकर्त्याला 'मत कुजविणे' हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागेल. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे. एका उमेदवाराला एकच मत देता येई. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर दुसरी बाद होई. तेव्हा ज्याला आपल्याच उमेदवाराचे पारडे जड करायचे असेल, तो दुसरे मत दुसऱ्या कोणाला देण्याऐवजी ते वाया घालवी. यात गणित होते. राखीव जागा अनुसूचित जातीच्या, सर्वांत अधिक मते मिळविणाऱ्या उमेदवाराला मिळे. पण ती भरल्यावर उरलेल्या जागेला जातीचे बंधन नव्हते. उरलेल्यांत ज्याची मते जास्त तो निवडून येई, मग तो कोणत्याही जातीचा असो. पुढे १९५७ साली पार्वतीपुरम येथे दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना मिळाल्या आणि व्ही. व्ही. गिरी पडले, तेही याच नियमामुळे. सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. म्हणजे भंडाऱ्यात दलित मतदारांनी आपले दुसरे मत अशोक मेहतांना न देता कुजविले असते, तर राखीव जागा हुकली तरी सर्वसाधारण जागेचे दार बाबासाहेबांना कायद्याने उघडे होते.

शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कार्यकर्त्यांना हा हिशेब कळत नव्हता असे नाही. सवर्ण मतदार आपले दुसरे मत बाबासाहेबांना देणार नाहीत, मग आम्हीच आमचे दुसरे मत का द्यावे, असे त्यांनी विचारले. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्याने संविधान लिहिले त्यानेच मतदाराला मत वाया घालवायला सांगावे हे होणे नाही, त्यापेक्षा पराभव पत्करू, असा त्यांचा पवित्रा होता, ही आठवण विदर्भातील जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. ते मुंबईत याच कुजविण्याचे बळी ठरले होते. त्या शस्त्राची धार त्यांना ठाऊक होती, आणि ते हाती घेणे बेकायदाही नव्हते.

निकाल काय लागला ते सर्वश्रुत आहे. अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी मागे राहिले. ते तेव्हा राज्यसभेचे सदस्य होतेच, पण लोकांतून निवडून लोकसभेत जाण्याचा योग त्यांना कधीच आला नाही. अडीच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या निकालाकडे दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून पाहू नये. वर सांगितलेला नियम पुन्हा लक्षात घ्यावा. बोरकरांना राखीव जागा दिल्यावर उरलेली जागा मेहतांना मिळाली, याचा अर्थ मेहतांना बाबासाहेबांपेक्षा जास्त मते पडली होती. युती दोघांची होती, प्रचार दोघांसाठी होता, तरीही ज्यांनी समाजवाद्याला मत दिले अशा अनेकांचा दुसरा हात बाबासाहेबांच्या पेटीपर्यंत गेला नाही. दलित मतदारांनी दुसरे मत न कुजविता दिले म्हणून समाजवादी उमेदवार लोकसभेत पोहोचला आणि ज्याने ते देण्याचा आग्रह धरला तो बाहेर राहिला. पक्षाच्या इतिहासात भंडाऱ्याचा विजय म्हणून या निवडणुकीची नोंद आहे. तीत हा तपशीलही लिहिला जायला हवा.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले होते. 'राष्ट्रविरोधी' हा शब्द आज ज्यांच्या जिभेवर खेळतो त्यांनी तो कोणाला उद्देशून वापरला गेला होता हे एकदा पाहावे. ज्या समाजात हजारो जाती आहेत तो राष्ट्र कसा होऊ शकेल, हा त्यांचा सवाल होता, आणि बंधुता ही राष्ट्राची पहिली अट आहे असे त्यांचे म्हणणे होते. त्या भाषणानंतर पाच वर्षांच्या आत भंडाऱ्याच्या मतपेट्यांनी त्यांना उत्तर दिले. नागरिकाने देशाच्या घटनेशी किती इमान राखावे याचा पाठ एका बाजूने दिला गेला आणि त्याची किंमतही त्याच बाजूने चुकविली. बंधुतेचा हप्ता दुसऱ्या बाजूकडे थकलेलाच राहिला. १९६१ साली द्विसदस्य मतदारसंघ कायद्याने बंद झाले, तेव्हा ते फेडण्याची ती वाटही बंद झाली.

अशोक मेहतांच्या पुढच्या राजकारणाविषयी समाजवाद्यांत मतभेद आहेत. ते १९६४ साली काँग्रेसमध्ये गेले, मंत्री झाले, आणि पक्षातील अनेकांनी त्यांना ते कधी क्षमा केले नाही. पण न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की १९६८ साली सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि भारत सरकारने त्याचा स्पष्ट निषेध केला नाही, तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी आपल्या सरकारातली खुर्ची सोडणे ही देशभक्ती की देशद्रोह? ज्यांच्या व्याख्येत सरकार म्हणजेच देश, त्यांना याचे उत्तर देता येणार नाही.

त्याहून मोठी कसोटी आणीबाणीत लागली. मार्च १९७६ मध्ये लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपली आणि सरकारने ती एका वर्षाने वाढवून घेतली. मधु लिमये तेव्हा तुरुंगात होते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यात सत्याग्रह करून ज्यांनी परकी सत्तेचा तुरुंग भोगला, त्यांना आता स्वदेशी सत्तेने आत टाकले होते. मतदारांनी आपल्याला पाच वर्षांसाठी पाठविले, सहाव्या वर्षावर आपला हक्क नाही, असे म्हणून त्यांनी आणि जबलपूरहून निवडून आलेल्या तरुण शरद यादवांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. विरोधी पक्षांच्या कित्येक सभासदांना वाढीव मुदत गैर वाटत नव्हती. पुढच्याच महिन्यात, जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की आणीबाणीत स्थानबद्धाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयात जाता येणार नाही. ते एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्नांचे. त्या मतापायी त्यांचे सरन्यायाधीशपद गेले, आणि २०१७ साली त्याच न्यायालयाला बहुमताचा तो निर्णय चूक होता असे म्हणावे लागले.

त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द घातले, तेव्हा देशातले बरेचसे समाजवादी कोठडीत होते. नागरिकांची मूलभूत कर्तव्येही त्याच दुरुस्तीने आली. हक्क गोठविले असताना कर्तव्यांची यादी वाचून दाखविण्यात त्या राजवटीला काही विनोद दिसला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन शब्द काढून टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, ते योग्यच झाले. मात्र शब्द टिकला याचा आनंद करताना तो कोणत्या हातांनी घातला होता हे समाजवाद्यांनी विसरू नये. मूळ उद्देशिकेत स्वातंत्र्याचा उल्लेख राष्ट्राच्या एकतेच्या आधी येतो, आणि बंधुतेच्या कलमात व्यक्तीची प्रतिष्ठा पहिली व राष्ट्राची एकता नंतर ठेवलेली आहे. हा क्रम कोणाच्या नजरचुकीने पडलेला नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या अमेरिकेत शिकले, तिचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे शाळेत रोज सकाळी झेंड्याला सलामी देऊन निष्ठेची शपथ म्हणण्याची प्रथा आहे. ती शपथ १८९२ साली लिहिली फ्रान्सिस बेलामी या समाजवादी विचारांच्या धर्मोपदेशकाने, हे तेथील कडव्या देशभक्तांना सहसा माहीत नसते. यहोवाज विटनेस या पंथाची मुले धर्मश्रद्धेमुळे सलामी देत नसत. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांची सक्ती उचलून धरली आणि त्यानंतर गावोगावी त्या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. तीनच वर्षांनी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरविला. राजकारणात, राष्ट्रवादात किंवा धर्मात काय मानावे हे कोणताही अधिकारी नागरिकाला ठरवून देऊ शकत नाही, असा न्यायमूर्ती जॅक्सन यांच्या निकालाचा आशय होता. सैनिक आघाडीवर मरत असताना सलामी न देणाऱ्या शाळकरी मुलांना त्या देशाने संरक्षण दिले. अमेरिकेचे सगळेच अनुकरणीय आहे असे नव्हे. तोच देश त्या दिवसांत आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबत होता.

१९८५ साली केरळात याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. उभे राहणे हा आदर आहे, गाण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, असे त्यांनी सांगितले. त्या मुलांमुळे भारत दुबळा झाला असे अद्याप कोणी दाखवून दिलेले नाही.

आता या जिल्ह्याच्या आजच्या प्रश्नाकडे वळावे. वरठीपासून फार लांब नसलेल्या जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. देशाच्या सैन्याची दारू जो कामगार आपल्या हातांनी बनवितो त्याच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचे धाडस कोणाला होऊ नये. पण २०२१ साली देशातील ४१ आयुध निर्माण्या सात कंपन्यांत वाटून टाकण्याचे ठरले आणि कामगार संघटनांनी बेमुदत संपाची घोषणा केली, तेव्हा सरकारने ३० जून रोजी वटहुकूम काढला. त्याचा पुढे संसदेने एक वर्षाच्या मुदतीचा कायदा केला. संपात भाग घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत आणि चिथावणी देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. कारण दिले देशाच्या संरक्षणाचे. १ ऑक्टोबरला कंपन्या झाल्या आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे गेली.

२४ जानेवारी २०२५ रोजी त्याच निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार मरण पावले. दोन दिवसांनी प्रजासत्ताकदिन होता. स्फोटाचे कारण काय हा तांत्रिक चौकशीचा विषय आहे आणि त्यावर सभेत निर्णय देणे बरे नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या कारखान्यात सामूहिक नकाराला एकदा तुरुंगाचा धाक घातला गेला, तेथे एकट्या कामगाराने एखाद्या सकाळी 'हे काम आज धोक्याचे वाटते' असे म्हणायचे ठरविले, तर त्याच्या मागे कोण उभे राहील? कायद्याची मुदत संपली तरी धाकाची मुदत तितक्या लवकर संपत नाही. खाणकामगार, पोलाद कामगार, विडी कामगार, या सर्वांना हे अनुभवाने माहीत आहे. बोलण्याचे स्वातंत्र्य हा शहरी पत्रकारांचा चोचला आहे असे ज्यांना वाटते त्यांनी दारूगोळ्याच्या कोठारात काम करणाऱ्याला विचारून पाहावे.

कायद्यांची दिशा मात्र उलट आहे. ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली टिळकांना मंडालेला पाठविले, ते सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्थगित केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते वेगळ्या शब्दांत, १५२ क्रमांक धारण करून परतले. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यात संघटनेलाच बेकायदा ठरविण्याचा अधिकार सरकारच्या हाती आहे. नक्षलवादाच्या बंदोबस्तासाठी, असे सांगण्यात आले. शेजारच्या गडचिरोलीत हिंसेने किती आदिवासींचे आणि पोलिसांचे संसार बुडाले हे या भागाला कोणी शिकवायला नको, आणि लोकशाही समाजवाद्यांनी त्या हिंसेचे समर्थन कधी केले नाही. म्हणूनच त्यांना हे विचारण्याचा अधिकार आहे की बंदूक हाती घेणाऱ्यासाठी असलेले कायदे अपुरे होते काय, की नवा कायदा बंदूक हाती न घेणाऱ्यासाठी हवा होता?

पक्षाच्या वरठी, मोहाडी, तुमसर आणि भंडारा येथील शाखांपुढे तूर्त एक मर्यादित काम ठेवता येईल. जवाहरनगरच्या चौकशीचा अहवाल मराठीतून कामगारांच्या हाती पडावा आणि सुरक्षा समितीवरचे प्रतिनिधी कामगारांनी मतदानाने निवडलेले असावेत, या दोन मागण्यांसाठी गावोगावी सह्या गोळा कराव्यात. त्या गोळा करताना कार्यकर्त्यांनी बौद्ध वस्तीत एकदा आणि उरलेल्या गावात एकदा असे वेगवेगळे जाऊ नये. एकाच तुकडीने, एकाच दिवशी, दोन्हीकडे जावे. १९५४ ची थकबाकी अजून येणे आहे.